आठ दिवसांची बाटली

१

नंदिनीने चार रिकाम्या बाटल्या टेबलावर ओळीने मांडल्या. प्रत्येक बाटलीच्या कागदावर ती उघडल्याची तारीख निळ्या पेनाने लिहिली होती. आकडे बारीक आणि सरळ होते. बाटली साठ मिलीलिटरची. एका वेळी अडीच मिलीलिटर, दिवसातून तीनदा, म्हणजे दिवसाला साडेसात. साठ भागिले साडेसात. बाटली आठ दिवस पुरायला हवी होती. तारखा मात्र वेगळंच सांगत होत्या. पहिली बाटली सहा दिवसांत संपली होती, दुसरी सातात, तिसरी पुन्हा सहात आणि चौथी सातात.

"थोडंफार सांडत असेल," नंदिनी म्हणाली.

"चार बाटल्यांत? दर वेळी?" समोर बसलेल्या रंजिताने चहाचा कागदी कप दाबून चेपला. "ती जास्त देते, मॅडम. पोरगं झोपलं की हिला मोबाइल बघायला मोकळीक."

ती म्हणजे सुचिता, रंजिताची नणंद. नंदिनीने तिला कधी पाहिलं नव्हतं. रंजिताला मात्र ती तीन वर्षं रोज पाहत होती. ऐरोलीतल्या या ऑफिसात देशोदेशीहून आलेले औषधांच्या दुष्परिणामांचे अहवाल तपासले जात. कुठल्या गोळीने कुणाला पुरळ उठलं, कुठल्या सिरपने कुणाचं पोट बिघडलं, हे वाचायचं, पारखायचं आणि औषधाचा त्यात हात किती ते ठरवायचं. नंदिनी अकरा वर्षं हेच काम करत होती आणि आता बारा जणांच्या गटाची प्रमुख होती. त्या बारांत रंजिता सगळ्यात चोख. आणि तीच महिनाभर राजीनाम्याचा मेल लिहून ठेवून बसली होती. पाठवत नव्हती, पुसतही नव्हती.

"पहिल्यापासून सांग," नंदिनी म्हणाली.

रंजिताचा मुलगा प्रीतम चौदा महिन्यांचा होता. प्यायलेलं दूध वर यायचं, छातीत जळजळायचं, रडून रडून बेजार व्हायचा. चार महिन्यांपूर्वी बेलापूरच्या डॉक्टरांनी हे औषध दिलं. पोट लवकर रिकामं करणारं, म्हणजे दूध वर यायला नको. त्याने फरकही पडला. पण गेल्या दोन महिन्यांत मुलाला चार वेळा झटका आला होता. मान एका बाजूला वळायची, डोळे वर जायचे, जीभ बाहेर यायची. दोन-तीन तासांनी झोप लागली की सगळं जागेवर. दवाखान्यात नेईपर्यंत तो हसत असायचा. मेंदूचा आलेख काढला, त्यात काही सापडलं नाही. तरी डॉक्टर म्हणाले, फीट नाहीच असं सांगता येत नाही. सोमवारी फिटचं औषध सुरू करायचं होतं. निदान दोन वर्षं.

"चारही वेळा दुपारी," रंजिता म्हणाली. "चारही वेळा मी इथे. शनिवार-रविवार मी घरी असते तेव्हा एकदाही नाही. आणि मॅडम, तुम्ही हसाल, पण चारही वेळा अमावास्या नाहीतर पौर्णिमा. एखादा दिवस अलीकडे असेल. सगळं दिवाळे गाव बोलतंय की पोराला बाहेरचं काहीतरी लागलंय. मला नाही पटत. माणसाने केल्याशिवाय असं होत नाही."

"झटका आलेला कुणी पाहिला?"

"तिनेच. शेवटच्या वेळी व्हिडिओ काढून पाठवला. मी एकदाच बघितला. परत नाही बघवत."

नंदिनीने तिच्या हातून मोबाइल घेतला. चाळीस सेकंदांचं चित्रण. मुलाची मान डावीकडे पिळल्यासारखी, बुबुळं वर. मागून एका मुलीचा कापरा आवाज आला, "प्रीतम, अरे सोन्या." त्या आवाजासरशी मुलाचा हात वर उठला, आवाजाच्या दिशेने, आणि तो रडू लागला.

नंदिनीने चित्रण पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा.

"याची शुद्ध गेलेली नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "त्याला आवाज ओळखू येतोय. डोळे खाली आणता येत नाहीत, म्हणून तो घाबरलाय. असं वर्णन मी अहवालांत किती वेळा वाचलंय, रंजिता. तूही वाचलंयस. आपल्या घरातलं म्हणून तुला दिसलं नाही."

रंजिताचा चेहरा उतरला.

"मला ही फीट वाटत नाही. हे औषधाचं काम दिसतंय. या जातीचं औषध लहान मुलाच्या पोटात जास्त गेलं, तर काही मुलांचे स्नायू असे ओढले जातात."

"म्हणजे मी म्हणत होते तेच. सुचितानेच."

"जास्त गेलं, एवढंच मी म्हटलं," नंदिनी म्हणाली. "कुणाच्या हातून ते नाही. तो मेल रविवारपर्यंत पाठवू नकोस. उद्या कोणती तिथी आहे?"

रंजिताने मोबाइलमध्ये पाहिलं. "पौर्णिमा."

२

शनिवारी सकाळी नंदिनीने आधी प्रीतमच्या डॉक्टरांना, बेलापूरच्या डॉ. दिलीप टिळेकरांना फोन केला. आपण कोण, काय पाहिलं, ते चार वाक्यांत सांगितलं आणि व्हिडिओ पाठवला. त्यांच्या दवाखान्यात तेव्हा रांग होती.

"दुपारी एकपर्यंत बघतो," ते म्हणाले.

"तोवर त्याचा दुपारचा डोस चुकवला तर चालेल?"

"एक डोस चुकल्याने काही बिघडणार नाही. चुकवा."

मग तिने फोनवरूनच रंजिताकडून एक काम करून घेतलं. रिकाम्या बाटल्यांपैकी एक धुऊन तिच्यात साखरेचं पाणी आणि गुलाबाच्या सरबताचे चार थेंब घातले. रंग बरोबर औषधाचा. चालू बाटली रंजिताच्या पर्समध्ये गेली आणि ही फळीवर, देवाच्या तसबिरीशेजारी, नेहमीच्या जागी. आत बरोबर चाळीस मिलीलिटर. घरात कुणाला सांगितलं नाही.

"आता तू कामावर गेलीस," नंदिनी तिला म्हणाली. "ओव्हरटाइम आहे असं सांग आणि समोरच्या घरी जाऊन बस. तू घरात असलीस की काही होत नाही ना? मग तू घरात नकोस."

दिवाळ्यात घरं एकमेकांना खेटून होती. रंजिताचे सासरे गोटीराम कोळी यांचं घर दोन खोल्यांचं, वर नवा मजला चढत होता. रंजिताचा नवरा हितेश बंदरावर क्रेन चालवायचा, त्याची आठवडाभर दिवसपाळी होती. ओट्यावर सुकट आणि धुतलेली दुपटी एकाच उन्हात वाळत होती.

सुचिता दारातच उभी राहिली. तेवीस-चोवीस वर्षांची, काटक, केस घट्ट बांधलेले. कडेवर प्रीतम बिस्किट चोखत होता.

"तुम्ही वहिनीच्या मॅडम. माझी चौकशी करायला आलात ना?"

"हो," नंदिनी म्हणाली.

सरळ उत्तराची सुचिताला अपेक्षा नसावी. तिने मुलाला खाली सोडलं आणि आत वळली. "या. बसा. विचारा काय ते."

"औषध तू कसं देतेस ते सांग."

"वहिनीनेच माझ्या मोबाइलात बाराचा अलार्म लावून दिलाय. वाजला की द्यायचं. सकाळ-संध्याकाळ ती देते." तिने फळीवरून सुई नसलेली सिरिंज आणली. तिच्यावर अडीचच्या खुणेला लाल नेलपॉलिशची रेघ ओढली होती. "चूक नको म्हणून मीच रंगवली. आणि हे बघा."

भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात तीन बारीक टिका होत्या. चार महिन्यांत एकही गाळलेली नाही. बाटल्यांवरच्या तारखाही याच हाताच्या.

"बाटल्या लवकर संपतात, हे तुझ्या लक्षात आलं होतं?"

"आलं म्हणूनच तर तारखा लिहायला लागले. वहिनीला दोनदा सांगितलं. ती म्हणाली, झाकण नीट लाव." सुचिताचा आवाज धारदार झाला. "आता त्याच तारखा माझ्यावर उलटल्या. मी झोपवायला औषध देते म्हणे. मॅडम, हा झोपला तर मला टेन्शन येतं. श्वास बघत बसते मी."

नंदिनीने वहीत लिहिलं: टिका तीन, डोस चार. ज्याला चोरी लपवायची आहे तो तारखा लिहून ठेवत नाही. पण मग चौथा डोस जातो कुठे?

तेवढ्यात दाराबाहेर काठी वाजली.

"आवो, पुनव हाय आज," एक चिरका आवाज आला. "पोराला भाईर काढा."

सुचिताने नंदिनीकडे पाहिलं आणि ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाली, "ही चांगुणाबाई. दर आवस-पुनवेला येते. न चुकता."

३

चांगुणाबाई सत्तरीच्या पुढची, नाकात मोठी नथ, पदराच्या गाठीत मीठ-मिरच्या. तिने प्रीतमवरून मूठ सात वेळा उतरवली, काहीतरी पुटपुटली आणि ओट्यावरच फतकल मारून बसली.

"तू कोन?"

"रंजिताच्या ऑफिसातली."

"म्हंजे तू पन कॉम्प्युटरवाली. बग बाय, तुज्या कॉम्प्युटरात हाय का या पोराचं दुखनं?"

"आहे," नंदिनी म्हणाली. "आजी, दृष्ट काढल्यावर तुम्ही मुलाला काही चाटवता का?"

चांगुणाबाईने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. सुचिता दारात थबकली.

"मध चाटवते. बोटभर. त्यात येखंड उगालते. साठ वरसं चाटवतंय, दिवाळ्याची निम्मी पोरं माज्या बोटावर वाडली. कोनाची मान वाकडी जाली नाय अजून."

"मध नका देऊ आता. मी विनंती करते. झटका आला त्या चारही दिवशी तुम्ही इथे आला होता?"

"दोन दिस आलती. आवस आनि पुनव. बाकी दोनदा चवदस व्हती. चवदशीला मी येत नाय, माजा गुडगा रोज रोज चालत नाय."

नंदिनीने कॅलेंडर पाहिलं. सुचिताने झटक्याच्या दिवसांवर लाल गोल केले होते. एक पौर्णिमा, एक अमावास्या, दोन चतुर्दश्या. बाई खरं बोलत होती. मधाने चारातले दोनच सुटत होते, आणि दोनच सुटणारं उत्तर नंदिनीच्या लेखी उत्तर नव्हतं.

"तुम्ही येता तेव्हा घरात कोण असतं?"

"आज लवकर आली म्हून ही भेटली. नायतर मी येतंय तवा ही बया जेटीवर. पोर आज्याच्या मांडीवर. गोटीराम पेज भरवत बसलेला असतो, बायकांवानी." म्हातारी दात नसलेलं हसली. "पुरुस मानसानं पोर सांबालायचं, कलजुग हाय."

नंदिनी हसली, आणि ते वाक्य वहीत लिहून घेतलं. का, ते तिला अजून नीट कळलं नव्हतं.

बाराला दोन मिनिटं असताना चांगुणाबाई उठून गेली. बाराला सुचिताच्या मोबाइलचा अलार्म वाजला. तिने फळीवरची बाटली हलवली, लाल रेघेपर्यंत सिरिंज भरली, प्रीतमच्या गालाच्या आत हळूहळू सोडली. त्याने नेहमीपेक्षा उत्साहाने ओठ चाटले. सुचिताने कॅलेंडरवर टीक केली. नंदिनीने बाटली उजेडात धरली. साडेसदतीस. एका थेंबाचाही फरक नाही.

मग बाहेरून शिट्टी आली. लांब, दोनदा.

"बाबांची बोट लागली." सुचिताने घाईने टोपली उचलली. "बाबा येतातच दोन मिनिटांत. मला मासळी निवडायला जायलाच लागतं, नाहीतर बाया चांगली चांगली उचलतात. येताय? इथे काय बघणार, बाटली तर बघून झाली."

नंदिनीने क्षणभर बाटलीकडे पाहिलं. मग तिने चपला घातल्या.

४

जेटीवर पाणी काठोकाठ होतं. सहा-सात होड्या भिंतीला लागून डुलत होत्या. पाटीभर कोलंबी आणि बोय मासे घेऊन गोटीराम वर चढला. साठीचा, उन्हाने काळवंडलेला, कमरेला रुमाल. मुलीने पाटी घेतली, त्याने घराकडे तोंड केलं. नंदिनीला पाहून थांबला.

"मॅडम ना? बसा हिकडं, वारा हाय. घरी पोर येकटं हाय, मी जातू."

"बाबा, एक विचारू? तुम्ही रोज याच वेळी येता?"

तो हसला. शेजारच्या बायकाही हसल्या.

"पानी का ऑफिसला जातंय, रोज येकाच टायमाला यायला? ओहोटीला हितं नुसता चिखल. होडी आत यायची तर भरती पायजे. आनि भरती रोज पाऊन तास पुडं सरकते."

"मग कधी येणार हे घरात कसं कळतं?"

"तिथी बगायची. तिथीची पाऊनपट करायची, तेवड्या वाजता भरती. चवथीला तीन, अष्टमीला सा, येकादशीला सव्वा आठ. वर आत खाडीत यायला अजून पाऊन तास धरायचा. ह्ये पोराटोरांना पन येतंय." आणि तो लगबगीने निघून गेला. नातवाकडे जाणाऱ्या माणसाची ती चाल होती.

नंदिनी जागच्या जागी उभी राहिली. सुचिता पाटीसमोर बसून बोय एका बाजूला, कोलंबी दुसऱ्या बाजूला टाकत होती.

"सुचिता, बाबा आले की तू इथे येतेस. रोज?"

"रोज. तास, सव्वा तास."

"म्हणजे तुम्ही दोघं प्रीतमपाशी कधी एकत्र नसता."

"वाटेत भेटतो की. गल्लीत. आज इथे भेटलो, एवढंच." सुचिताचा हात थांबला. "का?"

नंदिनीने बोटांवर तिथी मोजायला घेतली. ती गुणाकार करत होती. पौर्णिमा आणि अमावास्या, दोन्हींची तिथी पंधरावी. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. वर खाडीचा पाऊण तास. बारा. चतुर्दशी: साडेदहा, अधिक पाऊण, सव्वाअकरा.

रंजिताच्या घरात दोन घड्याळं चालत होती. एक मोबाइलातलं, रोज बारालाच वाजणारं. दुसरं खाडीतलं, रोज पाऊण तास पुढे जाणारं. महिन्यातून दोनदाच ती दोन्ही एका वेळेवर येत. आणि नेमक्या त्याच दिवशी, नाहीतर आदल्या दिवशी, मुलाची मान वळत होती.

सुट्टीच्या दिवशी झटका का येत नाही, तेही यात बसत होतं. बाटल्या कधी सहा दिवस तर कधी सात दिवस का पुरतात, तेही. अष्टमीच्या आसपास होडी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी लागते, तेव्हा रंजिता घरी असते. त्या दिवसांत जास्तीचा डोस जातच नसणार.

आता फक्त डोळ्यांनी पाहायचं उरलं होतं. नंदिनी गल्लीत शिरली, समोरच्या घराच्या दारावर टकटक केली आणि रंजिताला म्हणाली, "मागच्या दाराने चल. आणि काहीही दिसलं तरी ओरडू नकोस."

५

स्वयंपाकघराच्या जाळीच्या खिडकीतून पुढची खोली दिसत होती. गोटीराम हातपाय धुऊन, अंगावर स्वच्छ बंडी चढवून खाली बसला होता. प्रीतम त्याच्या मांडीवर. समोर वाटीत तांदळाची पेज निवत होती.

"दम धर, माज्या राज्या. आदी दवा. तुजी आय रागावंल."

त्याने हात लांब करून फळीवरची बाटली घेतली. सिरिंज घेतली. लाल रेघेपर्यंत भरली, डोळ्यांजवळ नेऊन तपासली, एक बुडबुडा टिचकीने वर काढला. मग नातवाच्या गालात सोडली. हात अजिबात थरथरला नाही.

रंजिता पुढे झेपावली. नंदिनीने तिचं मनगट धरलं.

"सरबत आहे," ती कानात म्हणाली. "होऊ दे."

पेज भरवून झाली. मग त्या दोघी आत गेल्या. नंदिनीने बाटली उजेडात धरली आणि रंजिताला दाखवली. पस्तीस.

"बाबा," रंजिता म्हणाली, "तुम्ही औषध देता? रोज?"

गोटीराम गोंधळला. सुनेकडे, मग पाहुणीकडे पाहू लागला. "तू घरी नसलीस की देतू. तू असलीस की तूच देतस. का? काय जालं?"

"मला कधी सांगितलं नाहीत."

"मना कोनी इचारलं? सगले इचारत व्हते काय भरवलंस, काय भरवलंस. डॉक्टर पन तेच. मी बोललू पेज. दवा म्हंजे काय जेवन हाय?"

"पण तुम्हाला द्यायला सांगितलं कोणी?"

"तूच की." म्हाताऱ्याच्या आवाजात तक्रार नव्हती, नवल होतं. "पयल्या दिसी. मी पेज भरवत व्हतू, तू सिरीजवरची रेग दावली. बोललीस, बाबा, भरवायच्या आदी दवा, इसरू नका. मी येक दिस इसरलू नाय."

 प्रीतमने रिकामी वाटी फरशीवर आपटली.

रंजिता हळूहळू खाली बसली. तिला आठवलं होतं. ते नंदिनीला तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. पहिल्या दिवशी सासऱ्याला सांगितलं, कारण तेव्हा ते भरवत होते. दुसऱ्या दिवशी नणंदेच्या मोबाइलात अलार्म लावला, कारण सासरे घड्याळ पाहत नाहीत. दोन्ही सूचना बरोबर. दोघांनी त्या इमानाने पाळल्या. पहिली रद्द करायची राहून गेली.

"बाकीच्या दिवशी मग?" तिने विचारलं. आवाज आता ऑफिसातल्या रंजिताचा होता. पुरावा तपासणारा.

"बाकीच्या दिवशी भरती तीनला, चारला. दोन डोसांत तीन-चार तासांचं अंतर. जास्तच, पण शरीर निभावून नेत होतं. पौर्णिमेला एक बाराला आणि दुसरा साडेबाराला. चतुर्दशीला उलट, आधी बाबा पावणेबाराला, मग जेटीवरून परतलेली सुचिता साडेबाराला." नंदिनीने वहीचं पान उलटलं. "चांगुणाबाईच्या मधाने चारातले दोन दिवस सुटत होते. सुचिता जाणूनबुजून जास्त देत असती तर तिला तिथी पाहायची गरज नव्हती. चारही दिवस, चारही बाटल्या आणि सुट्टीचे दिवस, सगळं एकत्र बसतं ते एकाच जागी."

"म्हंजे मीच," गोटीराम पुटपुटला. त्याने आपले दोन्ही तळवे उलटे-सुलटे करून पाहिले. "मीच पोराला."

"नाही," रंजिता म्हणाली. पटकन, ठाम. "तुम्ही नाही, बाबा. मी सांगितलेलं तुम्ही ऐकलंत."

नंदिनीचा फोन वाजला. डॉ. टिळेकर. तिने स्पीकर लावला आणि दोन मिनिटांत सगळं सांगितलं. 

"व्हिडिओ मी तीनदा पाहिला," डॉक्टर म्हणाले. "तुमचं बरोबर वाटतंय. शुद्ध आहे, आलेख स्वच्छ आहे, आणि आता डोसही दुप्पट निघाला. पण आणखी एक सांगतो, ते मलाच सांगायला हवं. माझ्या कागदावर तीन आठवडे लिहिलंय. तुम्ही चार महिने देताय."

"दुकानदार देत गेला," रंजिता म्हणाली. "आणि मी विचार केला, पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारू. बरं वाटत होतं त्याला."

"आणि मी परत बोलावलं नाही. झटक्यांसाठी आलात तेव्हा औषध चालूच आहे का, हे मी विचारलं नाही. ते माझ्या खात्यावर. या वयात बरीच मुलं आपोआप सुधारतात. औषध आजपासून बंद. फिटचं औषध सोमवारी सुरू करायचं नाही. सोमवारी त्याला घेऊन या, मला तपासू दे. आणि मॅडम, याचा रीतसर अहवाल मी पाठवणार आहे. तो तुमच्याच कुणाच्या तरी टेबलावर येईल."

"आला तर मी तपासणार नाही," नंदिनी म्हणाली. "मी साक्षीदार आहे."

डॉक्टर पहिल्यांदा हसले. फोन बंद झाल्यावर गोटीराम म्हणाला, "दोन वरसाची दवा नको?"

"नको, बाबा."

त्याने नातवाला उचलून डोक्यावर बसवलं आणि दारात जाऊन गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "पोराला कायबी लागलेलं नाय. चांगुना, आयकलंस?"

पलीकडच्या ओट्यावरून उत्तर आलं, "मी दिष्ट काढली म्हून उतरलं मंग."

६

सुचिता टोपली घेऊन परतली तेव्हा तिला गल्लीतच अर्धी हकीकत कळली होती. उरलेली तिने उभ्यानेच ऐकली. हातातून खारं पाणी फरशीवर ठिबकत होतं. नंदिनीचं बोलून झालं, तेव्हा तिने टोपली मोरीत ठेवली, हात धुतले, पुसले.

"दोनदा सांगितलं होतं," ती रंजिताकडे न पाहता म्हणाली. "बाटली लवकर संपते, वहिनी. दोनदा."

"सांगितलं होतंस."

"झाकण नीट लाव म्हणालीस."

"हो."

"महिनाभर तू मला त्याच्यापाशी सोडून जाताना असं बघायचीस, की मी त्याला घेऊन कुठे पळून जाईन. अंघोळ घातली की अंग तपासायचीस. मला दिसत नव्हतं का? एकदा तोंडावर विचारलं असतंस, सुचिता, तू काय करतेस, तर त्याच दिवशी दोघींनी बसून हिशेब लावला असता. ह्या मॅडमना ऐरोलीहून यावं लागलं नसतं."

रंजिताने मान खाली घातली नाही. तिने ऐकून घेतलं, सगळं. "माझं चुकलं," ती म्हणाली. "तुझ्यावर संशय घेतला. तुझ्या तारखा नसत्या, तर हे कुणालाच सापडलं नसतं. मॅडमनाही नाही."

"हे खरं आहे," नंदिनी म्हणाली. "माझ्याकडे येणाऱ्या दहा अहवालांतल्या नवांत इतकी नीट नोंद नसते."

सुचिताच्या चेहऱ्यावरचा ताण किंचित सैल झाला, पण ती एवढ्यावर सोडणारी नव्हती. प्रीतम तिच्या ओढणीला धरून उभा राहत होता. तिने त्याला कडेवर घेतलं.

"चुकलं ते झालं. आता पुढचं बोल. महिनाभर घरात रोज तेच चाललंय. नोकरी सोडते, नाही सोडत. पोराला माहेरी ठेवते, नाही ठेवत. दादाने विचारलं की रविवारी सांगते. रविवारी विचारलं की पुढच्या रविवारी. मला ब्यूटी पार्लरचा कोर्स घ्यायचाय संध्याकाळचा, मी थांबलेय. बाबा थांबलेत. तुझ्या या मॅडम थांबल्यात. काय ठरवलंस ते सांग एकदाचं."

गोटीराम दारात वळून उभा राहिला. नंदिनीने वही मिटली. या प्रश्नाचं उत्तर तिला काढता येण्यासारखं नव्हतं, आणि काढायचंही नव्हतं.

रंजिताने मोबाइल उघडला. महिनाभर राखून ठेवलेला मेल शोधला, पुसला, आणि पुसला गेल्याची खात्री होईपर्यंत स्क्रीनकडे पाहत राहिली. मग ती उठून नणंदेसमोर उभी राहिली.

"मी नोकरी सोडणार नाही," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "सोमवारी प्रीतमला डॉक्टरांकडे दाखवते आणि मंगळवारी कामावर जाते. संध्याकाळी सहाच्या आत घरी येते, तू कोर्सला जा. दिवसभर तो तुझ्यापाशी राहील, सुचिता. तुझी तयारी असेल तर. मला दुसरं कुणी नको."